ऊन लागलं की

सोपान रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याला आरसा काही जमत नव्हता. प्रयोग तसा पोरखेळ. स्वच्छ काचनळीत सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि ग्लुकोज घालायचं, नळी गरम पाण्यात धरायची, की आतून चांदी धरते आणि नळीचा आरसा होतो. सोपानची नळी मात्र दर खेपेला काळी पडायची. परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा त्यानं सरांकडून प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली. त्र्याहत्तर सालच्या एप्रिलातली, रविवारची दुपार होती.

भोरचं ते कॉलेज सुट्टीला ओस पडायचं. एकट्यानं आत जायला त्याचे पाय मागे ओढत होते, आणि का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीपर्यंत तिथं गेनूकाका शिपाई होते. सोपानच्याच गावचे, हिर्डोशीचे. भोरात तो त्यांच्याच खोलीवर राहायचा, त्यांच्याच हातची भाकरी खायचा. शाळेची पायरी न चढलेला, पगारालाही सहीऐवजी अंगठा उठवणारा हा माणूस धुण्याआधी प्रत्येक नळी हुंगायचा आणि आत काय होतं ते बिनचूक सांगायचा. वास लागला नाही तर भांडं वर धरून विचारायचा, "ह्यो कुनाचा?" सिल्व्हर नायट्रेटनं त्यांची बोटं कायम काळी असत. डाव्या हाताचं मधलं बोट विळ्यानं गेलेलं. "ह्यो डाग लगीच दिसत न्हाई बाबा," ते सांगायचे, "ऊन लागलं की वर येतो."

दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी सोपाननं गरजेपेक्षा जास्त तीव्र गंधकाम्ल ओतून घेतलं होतं. सर ओरडतील म्हणून बीकर तसाच मोरीपाशी ठेवून तो गावची एसटी गाठायला निघाला. दारात असताना मागून प्रश्न आला, "ह्यो कुनाचा?" गंधकाम्लाला वास नसतो, आणि दिसतं ते पाण्यासारखं.

"माझा न्हाई. पाणी असंल, धुवा की," असं म्हणून तो पळाला.

बीकरमध्ये नळाचं पाणी पडताच सगळं उकळून काकांच्या तोंडावर उडालं. नवव्या दिवशी पुण्याच्या इस्पितळात ते वारले. कॉलेजच्या चौकशीत सोपानला विचारलं, माणूस पिऊन होता का? तो म्हणाला, "तोंडाला वास येत होता." आणि खाली सही केली. काकांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण तेव्हापासून हिर्डोशीत बनाकाकी, म्हणजे त्यांची बायको, खाली मान घालून पाण्याला जायची. ती दिसली की सोपान वाट बदलायचा. स्वतःची इतकी लाज वाटते हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

प्रयोगशाळेत शिरला तेव्हा बाहेर वळवाचं आभाळ भरून आलं होतं. दिवे गेलेले. त्यानं नळी गरम पाण्यात धरली आणि श्वास रोखून बसला. या खेपेला चांदी धरली. हळूहळू, खालून वर, लख्ख. त्यात त्याला आपला चेहरा दिसला, लांबोडका, वाकडा. त्याच्या खांद्यामागे काहीतरी पांढरं होतं.

इस्पितळातल्या पट्टीसारखं.

मोरीतून आवाज आला. टक. धुतलेली नळी लाकडी खुंटीवर उलटी लावल्याचा. मग पुन्हा टक. मधूनमधून कुणीतरी सावकाश हुंगत होतं. एकेक नळी, मग टेबल, मग त्याची मान...

"सोपाना..." आवाज अगदी मऊ होता. "ह्यो कुनाचा?"

त्याच्या मनगटाभोवती ओली, गार बोटं वळली. तोंडापर्यंत आलेलं खरं त्यानं गिळलं.

"माझा... माझा न्हाई, काका."

बोटं सुटली. तो कुलूपसुद्धा न लावता धावत सुटला.

दुसऱ्या दिवशी गावाकडं जाणाऱ्या सकाळच्या एसटीत त्याच्या मनगटावर खिडकीतून ऊन पडत होतं. निगुडघरच्या पुढे तपकिरी रेघा दिसू लागल्या. हिर्डोशी येईतो त्या काळ्याभोर झाल्या होत्या. तीन बोटं आणि एक अंगठा. मधली जागा कोरी.

थांब्यावर बनाकाकी भाऱ्याला टेकून उभी होती. आता वाट बदलायला जागाच नव्हती. तिनं त्याचा हात धरला, डागांवर आपली बोटं एकेक करून ठेवली आणि मधल्या रिकाम्या जागेशी थांबली.

"त्येंचा हात हाय ह्यो," ती म्हणाली.

"काकी, बीकर माझा होता." बोलताना त्याला रडू कोसळलं. "काका पिलेले नव्हते. म्या खोटं बोललो."

त्याचं मनगट तिनं नाकाशी नेलं आणि काका नळी हुंगत तसं सावकाश हुंगलं.

"बग," ती म्हणाली, "दारूचा वास येतो का?"

त्या संध्याकाळी त्यानं चावडीसमोर सगळ्या गावाला खरं सांगितलं. असले डाग कातडी बदलली की जातात. पंधरा दिवसांत बोटांचे तीनही डाग गेले. कॉलेजातल्या कागदावरची सही मात्र त्यानं कधी मागे घेतली नाही. नोकरी जाईल, अब्रू जाईल, असं म्हणत वर्षं गेली.

अंगठ्याचा डाग अजून आहे. सोपान उन्हात गेला की तो ओला होतो.