सावकाश डिटेक्टर

"आत कोणी आहे का?"

क्ष-किरण सोडण्याआधी शिशाच्या भिंतींच्या त्या खोलीत शिरायचं, असं ओरडायचं, कोपरे बघायचे, मग दार लावायचं. रोजचंच. उत्तराची अपेक्षा तिने केव्हाच सोडली होती.

"आहे ना!" टेबलाखालून आवाज आला. "माझा स्फटिक पडलाय. दार लावू नका, मॅडम!"

"आधी बाहेर या. स्फटिक दुसरा मिळेल... दुसरे तुम्ही कुठून आणू?"

बोलून गेली खरी, पण एवढी दमलेली असूनही तिचे गाल उगाचच तापले.

तो बाहेरगावचा संशोधक, प्रथिनांचे स्फटिक घेऊन येणारा. यंत्र सांभाळणारी ती. स्फटिकातून आलेल्या किरणांचं चित्र टिपणारा डिटेक्टर जुना — एक टिपलं, की ते वाचत बसायचा. पडद्यावर अक्षरं यायची:

थांबा. वाचन चालू आहे.

"तुमचा डिटेक्टर म्हणजे आमची आत्या. एवढीशी गोष्ट सांगायला दिवस घालवते."

थांबा.

"आत्याला नावं ठेवू नका. तिच्यामुळे तुम्हाला चहा मिळतो."

"आणि तुम्हाला?"

थांबा...

"मला? मला डोळे मिटायला मिळतात."

"मिटा की. मी बघतोय."

"पडद्याकडे बघा!"

'तुम्ही'चं 'तू' कुठल्या चित्राला झालं, दोघांनाही आठवत नाही.

मग नवा डिटेक्टर आला. पापणी लवायच्या आत चित्रांचा ढीग. नमुने लावायला यंत्राचा हात. संशोधकांनी यायलाच नको. नमुने कुरियरने धाडा, घरबसल्या बघा. महिनोन्महिने राबून हे सगळं तिनेच जुळवलं होतं. कौतुकाच्या टाळ्या ऐकताना तिच्या लक्षात आलं — आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय.

त्याचे स्फटिक आता एकटेच आले. तो फोनवर.

पूर्ण.

"झालं?"

"झालं."

"इतक्यात?... हळू नाही का करता येत?"

"येतं. पण किरणांत फार वेळ ठेवला की स्फटिक जळतो."

आता थांबायला कुणी सांगत नव्हतं. फोन ठेवला की संपलं.

"मी येऊ?" तो म्हणाला.

"तुझं काय काम आहे इथे?"

"काहीच नाही. तुझ्यासाठी येऊ का, विचारतोय."

तिने खुर्चीत मान मागे टाकली. एरवी काहीतरी तिखट सुचलं असतं.

"दमलेय रे मी... लाजायचंही त्राण नाही. ये तू."