मुका पोपट पाहिजे

"मुका पोपट मिळेल का?"

जनावरांच्या दवाखान्याच्या दारात उभं राहून सिगाने हे विचारलं, तेव्हा आतला तरुण एका कोंबड्याच्या पायाला पट्टी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. पट्टीची गाठ मारली, कोंबडा त्याच्या मालकिणीच्या हातात दिला, आणि मग सावकाश म्हणाला,

"मुका पोपट... न भुंकणारा कुत्रा... पाण्याला भिणारा मासा. आणखी काही?"

सिगाचं डोकं फिरलं. सकाळपासून औषधांच्या दुकानात कामाला उभी राहून तिचे पाय भरून आले होते, घरी नेणारी गाडी नेमकी याच दवाखान्यासमोर धूर सोडून बंद पडली होती, आणि पाटीवरचा पक्षी पाहून ती सहज आत शिरली होती. थट्टा ऐकायला नव्हे.

"हे बघा, मी गमतीने विचारत नाहीये," ती म्हणाली. "आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. भिंती कागदासारख्या. खाली घरमालक गोमिससाहेब. आमच्याकडे चमचा पडला तरी ते खालून छताला झाडू ठोकतात. पोपट आणा म्हणाले, पण एकदा जरी ओरडला तरी त्याच दिवशी बाहेर. म्हणून गप्प राहणारा हवाय. आहे का, नाही ते सांगा."

"नाव?"

"पोपटाचं?"

"तुमचं. वहीत लिहावं लागतं."

"सिगा फाय."

पेन थांबलं. तरुणाने पहिल्यांदा वर पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला, की सिगाला वाटलं आपल्या मागे कोणीतरी उभं आहे.

"फाय! म्हणजे सेरेर! मग आधी नाही का सांगायचं? उगाच अहो-जाहो करून माझी जीभ झिजली. मालकाने चाकराशी इतक्या अदबीने बोलायचं म्हणजे काय?"

सिगाची नजर त्याच्या खिशावरच्या नावाच्या पट्टीवर गेली. केबा सांबू. जोला! तिचा राग कुठच्या कुठे पळाला.

"सांबू होय! तरीच म्हटलं, दवाखान्यात भाताचा वास कुठून येतोय!"

आता हे काय, असं कोणाला वाटेल. पण फार पूर्वी दोन बहिणी एका नावेत बसून निघाल्या, वादळात नावेचे दोन तुकडे झाले. एक बहीण उत्तरेला लागली, तिची लेकरं म्हणजे बाजरी पिकवणारी सेरेर जमात. दुसरी दक्षिणेला लागली, तिची लेकरं म्हणजे भात पिकवणारी जोला जमात. तेव्हापासून सेरेर आणि जोला भेटले की एकमेकांना वाट्टेल ते बोलतात. दोघंही समोरच्याला चाकर म्हणतात, आणि रागवायचा हक्क दोघांनाही नाही.

"ये बाजरीखाऊ," केबा म्हणाला. "पोपट दाखवतो."

मागच्या अंगणात चार पिंजरे होते. आपल्या देशी परतणारे साहेबलोक पंखा आणि सोफा विकून जायचे, आणि पक्षी इथे सोडून जायचे. पहिल्या पिंजऱ्यातला करडा पोपट सिगाला पाहताच फोनसारखा वाजला, मग कोणा म्हाताऱ्यासारखा खोकला, मग फ्रेंचमध्ये बायकोशी भांडला. दुसरा लांब शेपटीचा पोपट रहदारीच्या पोलिसासारखी शिट्टी मारत होता. तिसऱ्यात प्रेमी पक्ष्यांची जोडी होती, आणि ती एकमेकांना चिकटून अखंड किचकिच करत होती.

"हे प्रेमात आहेत," केबाने सांगितलं. "यांना गप्प करणं देवालाही जमणार नाही."

चौथ्या पिंजऱ्यातला पक्षी मुठीएवढा. करडं डोकं, हिरवी पाठ, पोटावर पिवळाधमक सदरा, आणि पिवळे गोल डोळे. तो काही बोलला नाही. त्याने सिगाला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं.

"हा? हा तर यूयू!" सिगा ओरडलीच. "आमच्या बाजरीचा चोर! माझे वडील पहाटेपासून डबा बडवत यांच्यामागे धावतात. मी याला पिंजऱ्यात ठेवून खाऊ घालते कळलं, तर तोच डबा माझ्या डोक्यात घालतील."

"पण याच्यासारखा शहाणा पोपट फ्लॅटसाठी मिळायचा नाही. बोलत जवळजवळ नाहीच. खूश असला की स्वतःशीच थोडं पुटपुटतो, बास." केबा पिंजऱ्यावर रेलला. "पण पोपट हवाय कोणाला? तुला बोलायला माणसं कमी पडत असतील असं वाटत नाही."

हे म्हणताना तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला, आणि सिगाला एकदम आपल्या ओढणीचं टोक नीट करावंसं वाटलं.

"आत्याला हवाय," ती म्हणाली. "ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आता दिवसभर एकटी असते. मांजर नको, रेडिओ नको, टीव्ही नको. म्हणते, तीस वर्षं लोकांचं ऐकलं, आता ऐकणारं काहीतरी आण, बोलणारं नको."

केबा यावर हसला नाही. त्याने पिंजरा अलगद खाली काढला, वर बाजरीची दोन कणसं खोचली आणि म्हणाला, "महिनाभर दर गुरुवारी मी येऊन पाहणार. पक्ष्याला घर मानवतंय का ते पाहावं लागतं. हा नियम आहे."

असा काही नियम नव्हता, हे सिगाला पुष्कळ दिवसांनी कळलं.

टेनिंग आत्याने पक्ष्याचे पिवळे डोळे पाहिले आणि ताबडतोब त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं. एक्स्चेंजमधला तिचा इन्स्पेक्टर असाच न बोलता पाठीमागे उभा राहून पाहायचा म्हणे. तीस वर्षांत त्याला जे सुनावता आलं नव्हतं, ते ती आता रोज सकाळी याला सुनावू लागली. इन्स्पेक्टर मान वाकडी करून ऐकायचा, शेंगदाणे खायचा, अधूनमधून पुटपुटायचा. खाली गोमिससाहेबांचा झाडू कोपऱ्यात विसावला.

आणि गुरुवार आला की केबा यायचा. दारातूनच आवाज द्यायचा.

"चाकरांनो, दार उघडा! मालक आलेत!"

"मागच्या दाराने ये," सिगा आतून म्हणायची. "भातखाऊंना पुढून प्रवेश नाही."

"तिसऱ्या मजल्याला मागचं दार असतं होय? बाजरी खाऊन अक्कल अशीच होते."

"आणि भात खाऊन पोट असं होतं!"

पक्ष्याला तपासायला दोन मिनिटं लागायची. बाकी दोन तास चहाचे, रीतीप्रमाणे तीन पेल्यांचे. आत्या छोट्या किटलीतून उंचावरून धार धरून चहा फेसाळायची, आणि त्या दोघांचं भांडण ऐकत तोंडातल्या तोंडात हसायची. इन्स्पेक्टर तर त्या दिवशी इतका खुशीत असायचा की एका पायावर उभा राहून, पिसं फुगवून, सारखा पुटपुटायचा.

तिसऱ्या गुरुवारी केबा म्हणाला, "मी ठरवलंय. तुझ्या वडिलांकडे दोन पोती तांदूळ पाठवतो आणि तुला घेऊन जातो. बिचारे बाजरी खाऊन कंटाळले असतील."

"तांदळात खडे निघाले तर तुलाच पोत्यात घालून परत पाठवीन," सिगा म्हणाली. सगळे हसले. सिगाही हसली.

पण तो गेल्यावर ती पेले विसळत उभी राहिली, आणि नळ वाहत होता तरी तिला कळलं नाही. हे खरं असतं तर? आपल्याला तो आवडतो... नुसता आवडत नाही, गुरुवार सोडून आठवड्यातले बाकीचे सहा दिवस उगाच येतात असं वाटतं. पण त्याच्या मनात काय आहे हे कळायचं कसं? थट्टेच्या नात्यात सगळं बोलायची मुभा असते, आणि म्हणूनच खरं बोलायला जागा उरत नाही. तो उद्या "तुझ्यावाचून मरतो" म्हणाला, तरी रीतीप्रमाणे तिने "मग मर" म्हणायचं आणि सगळ्यांनी हसायचं! आणि पुढचा गुरुवार शेवटचा होता.

शेवटच्या गुरुवारी दारातून आवाज आला नाही. दारावर हलकेच टकटक झाली.

सिगाने दार उघडलं. केबा कडक इस्त्रीचा निळा झगा घालून उभा होता. त्याने उजवा हात छातीवर ठेवला, मान झुकवली.

"फाय... फाय..." आदराच्या रीतीप्रमाणे तो आडनाव दोनदा घेत म्हणाला. "कशा आहात आपण? घरी सगळे सुखरूप? गावाकडे वडिलांची तब्येत?"

सेरेर-जोलांमध्ये अशी अदब कधी येते? कोणी गेलं असेल तर. नाहीतर नातंच संपलं असेल तर. सख्खी माणसं अबोला धरतात तसे हे लोक मान देतात.

"सांबू," ती म्हणाली, "आम्ही सुखरूप आहोत. आपण बसावं."

तो बसला. खुर्चीच्या कडेवर. काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, तिच्याकडे पाहायचा, पुन्हा मिटायचा. सिगा हात जुळवून समोर बसली, बँकेत बसावी तशी. चहाचे दोन पेले झाले. तिसरा व्हायच्या आतच केबा उठला.

"पक्षी उत्तम आहे," तो म्हणाला. "आता... माझी गरज नाही."

"आपले आभार," सिगा म्हणाली. दार लागलं. मग ती आतल्या खोलीत गेली, उशीत तोंड खुपसून रडली. आत्याने दाराबाहेरून दोनदा हाक मारली आणि तीही गप्प झाली.

त्या संध्याकाळी इन्स्पेक्टर ओरडला.

एवढ्याशा जिवात एवढा आवाज असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. शुक्रवारी तो दिवसभर ओरडला. झाडू ठोकून ठोकून गोमिससाहेबांच्या घरात छताचा चुना पडला. शनिवारी सकाळी ते स्वतः वर आले, डोक्यावर चुन्यासकट. "दुपारपर्यंत," एवढंच म्हणाले. आत्याने पिंजऱ्यावर कापड घातलं, आणि खिडकीकडे तोंड करून बसली. तिची पाठ सिगाला पाहवेना.

दवाखान्यात सिगा पिंजरा घेऊन शिरली, तेव्हा कापडाखालून किंकाळ्या येत होत्या आणि रांगेतल्या दोन बकऱ्या थरथर कापत होत्या.

"सांबूसाहेब," ती मान खाली घालून म्हणाली, "आपला पक्षी परत घ्यावा."

केबाने पिंजरा मागच्या अंगणात नेला. कापड काढलं. पिसं पाहिली, चोच पाहिली, पोट चाचपलं.

"याला काही झालेलं नाही. घरात काही बदललं का?"

"नाही."

"नवीन माणूस? नवा आवाज?"

"आवाज कुठला! घरात कोणी बोलतच नाहीये. गुरुवारपासून घर नुसतं... गप्प आहे."

केबाचे हात थांबले. तो पक्ष्याकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. तिचे डोळे सुजलेले होते.

"तुझ्या वडिलांना विचार," तो हळू म्हणाला. "यूयूंचा थवा बाजरीवर बसतो तेव्हा बारीक कुजबुज चालू असते ना? ती चालू आहे तोवर सगळं ठीक. थवा गप्प झाला, म्हणजे वर ससाणा आला. हा घाबरलाय, सिगा. याला वाटतंय, आपल्या माणसांवर काहीतरी संकट आलंय." तो थांबला. "मला काहीतरी बोल. पूर्वीसारखं."

"मला नाही जमणार."

"एकच शब्द."

सिगाने ओठ चावला. डोळ्यातलं पाणी गालावर आलं, आणि त्या पाण्यातूनच ती म्हणाली, "...भातखाऊ."

इन्स्पेक्टरने मान वाकडी केली. ओरडणं बंद झालं.

"आणखी," केबा म्हणाला.

"ढेरपोट्या! इस्त्रीवाल्या! मला 'आपण' म्हणतोस? मला? तुझ्या अर्ध्या नावेला भोक पडो! मी काय केलं होतं तुझं, म्हणून असा मान दिलास?"

"मान दिला कारण मी तुला मागणी घालायला आलो होतो!" केबा ओरडला. रांगेतल्या बकऱ्या पुन्हा दचकल्या. "माझा भाऊ म्हणाला, थट्टेत मागितलेली बायको थट्टेतच राहते, तिच्याशी आधी नीट बोल. म्हणून झग्याला इस्त्री केली. रात्रभर पाठ केलं. आणि तू समोर अशी बसलीस, की मला वाटलं मी तुला नकोच आहे!"

इन्स्पेक्टर आता पिसं फुगवून, एक पाय पोटाशी घेऊन, मजेत पुटपुटत होता.

"मग... ते तांदूळ?" सिगाने विचारलं.

"घेऊन ठेवलेत. दोन्ही पोती. निवडून." केबाचा आवाज खाली आला. "थट्टा नाही करत, सिगा. तू मला हवी आहेस. आता रीतीप्रमाणे काय म्हणायचं ते म्हण."

सिगाने गाल पुसले. खिशातून फोन काढून घरी लावला. "आत्या..." एवढंच म्हणाली, आणि पुढे शब्द फुटेना.

"थांब," पलीकडून आत्या म्हणाली. "बोलू नकोस. नुसता श्वास घे." दोन क्षण गेले. "हं. लागली एकदाची लाइन! महिनाभर ऐकतेय मी दोन्हीकडची खरखर. त्या भातखाऊला जेवायला आण. आणि सांग, आज बाजरीच आहे."

सिगाने फोन ठेवला.

"मग?" केबाने विचारलं. त्याच्या कपाळावर घाम होता. "उत्तर काय?"

"चाकरांना आम्ही उत्तरं देत नाही," सिगा म्हणाली. "पिंजरा उचल आणि चल. आणि तिसरा चहा घेतल्याशिवाय उठलास तर बघ!"

केबाने पिंजरा उचलला. वाटेत गाडी नेहमीसारखी बंद पडली, दोघं चालत निघाली, आणि घर येईपर्यंत एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. पिंजऱ्यातून मात्र हूं की चूं झालं नाही. इन्स्पेक्टर गाढ झोपला होता.