उष्ट्याचं वजन

माझी ओळख झाली ती आधी त्याच्या पाठीशी.

बुधवारची सकाळ होती. कॅमेरा नीट चालतो की नाही ते बघायला मी शाळेच्या संगणक खोलीत पाऊण तास आधीच जाऊन बसले होते. परदेशातल्या एका शाळेबरोबर आमच्या सातवीच्या मुलांचा प्रकल्प सुरू होणार होता. दोन्हीकडे दुपारच्या जेवणात ताटात किती उष्टं राहतं ते रोज वजन करून लिहायचं, बुधवारी एकमेकांना सांगायचं, आणि सहा महिन्यांत ते कमी करून दाखवायचं. विज्ञान मी शिकवते, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

पडदा उजळला, तर तिकडे कुणीतरी टेबलाखाली शिरून वायर ओढत होतं. दिसत होती ती फक्त हिरव्या स्वेटरमधली पाठ. वायरमन असणार. मी स्वतःशीच पुटपुटले, "आता याला कसं सांगायचं, कॅमेरा जरा डावीकडे घे म्हणून..."

पाठ बाहेर आली. केस विस्कटलेले, नाकावर धूळ. त्याने कॅमेरा डावीकडे घेतला आणि आमच्याच भाषेत विचारलं, "एवढा पुरे की आणखी?"

मी इतकी गोंधळले की त्याला आणखी दहा मिनिटं कामाला लावलं. दिवा मागे घ्या, फळा दिसत नाही, खुर्ची सरकवा. त्याने सगळं निमूट केलं आणि शेवटी म्हणाला, "मी भूगोल शिकवतो. वायरी नुसती हौस. तू विज्ञानवाली ना?"

तू! ओळखदेख नाही आणि थेट तू.

पुढे कळलं की त्याची आई आमच्याकडची. ती भाषा तो फक्त तिच्याकडून शिकला आणि तीही घरात, रागे भरताना आणि लाड करताना. 'तुम्ही' असं कुणाला म्हणायचं असतं, हे त्याच्या कानावरच पडलेलं नव्हतं. त्यामुळे तिशीतला तो धिप्पाड माणूस पन्नाशीतल्या बाईसारखा बोलायचा. माझा चेहरा ओढलेला दिसला की दोन्ही वर्गांसमोर विचारायचा, "अगं, काही खाल्लंस की नाही सकाळपासून?" मुलं खुसखुसायची. मी 'तुम्ही, आपण' करत त्याला हातभर लांब ठेवायची. त्याला ते कळायचंच नाही.

आणि त्याचं काम... देवा. आकडे मंगळवारी पाठवायचे ठरलेलं, ते बुधवारी बैठक सुरू झाल्यावर यायचे. तेही कागदाच्या फोटोवर, कपाचा गोल डाग पडलेल्या. साधं "किती किलो?" विचारलं तर आधी त्या दिवशी हवा कशी होती, मग गाजरं का कुणी खाल्ली नाहीत, मग गाजराचा इतिहास. आमच्या मुलांनी त्याला लांबण सर असं नाव ठेवलं. त्याने आपल्या मुलांना माझं नाव काटा मॅडम असं शिकवलं. काटा म्हणजे वजनाचा, असा खुलासाही केला. मला तो मुळीच पटला नाही.

घरी मी रोज त्याच्या नावाने बोटं मोडायची. वहिनी ऐकून घ्यायची. एकदा मटार सोलता सोलता म्हणाली, "एवढा वैताग आहे, तर बुधवारीच बरे तुझे केस धुतलेले असतात."

मी मटार तसेच टाकून उठले.

तीन महिन्यांत आमचं उष्टं अकरा किलोवरून चारवर आलं. मुख्याध्यापिकाबाईंनी प्रार्थनेच्या वेळी टाळ्या वाजवायला लावल्या. त्याच्या शाळेचा आकडा मात्र नवावरून साडेआठवर येऊन ढिम्म बसला होता. मी त्याला शिस्तीवर चांगलं अर्धा तास ऐकवलं. मुलांना मोकळं सोडलं की असंच होणार, असंही म्हणाले. एरवी वाक्याला वाक्य जोडणारा तो, त्या दिवशी गप्प बसून ऐकत राहिला. एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. त्याच्या मागच्या खिडकीवर पाऊस पडत होता. मला उगीचच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून जास्त राग आला.

दोन दिवसांनी शाळेचे माळीकाका मला हाताला धरूनच सायकल स्टँडच्या मागे घेऊन गेले. तिथे कावळे इतके का जमतात, हे त्यांना कळत नव्हतं. भिंतीच्या कडेला खड्डा होता, वर पालापाचोळा, आणि त्याखाली आठवड्याभराचं अन्न.

मी वर्गात गेले. काही विचारायची वेळच आली नाही. वर्गाची मॉनिटर, एरवी कुणाला न जुमानणारी मुलगी, उभी राहिली आणि रडू लागली. सुरुवातीला उष्टं खरंच कमी झालं होतं, ती म्हणाली. मग एक दिवस वाढलं.

"मॅडम, आकडा वाढला की तुमचा चेहरा असा व्हायचा ना... आम्हाला तो बघवायचा नाही. म्हणून थोडं बाजूला टाकायला लागलो. मग रोजच."

त्यांनी तिकडच्या मुलांना हे दोन आठवड्यांपूर्वीच लिहिलं होतं. आणि त्या मुलांनी आपल्या सरांना.

म्हणजे मी शिस्तीवर व्याख्यान झोडत होते तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. बुधवारची वाट न बघता मी शाळा सुटल्या सुटल्या त्याला फोन लावला. तो त्याच्या स्वयंपाकघरात होता, हातात भांडं घासायचा ब्रश.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "तू माझं सगळं ऐकून घेतलंस, आणि तुला माहीत होतं. हसला असशील पोटभर."

बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी त्याला 'तू' म्हणाले होते.

त्याने ब्रश खाली ठेवला. "हसलो नाही," तो म्हणाला. "तुझ्या मुलांनी मग मलाच विचारलं, मॅडमना कसं सांगायचं. मी म्हटलं, सांगा, पण तुमच्या तोंडाने. मी सांगितलं असतं तर त्यांना परत तुझ्याकडे बघता आलं नसतं. आणि..."

"आणि काय?"

"तू प्रकल्प बंद केला असतास. मग बुधवारी मी कुणाची बोलणी खाणार?"

मी फोन ठेवला. रागानेच ठेवला, असं मी बराच वेळ स्वतःला समजावत होते.

शेवटच्या सभेला दोन्हीकडचे पालक पडद्यासमोर बसणार होते. मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं होतं की चारचा आकडा घालून अहवाल छापून झालाय, आता झाकली मूठ राहू दे. मला ते जमेना. मॉनिटर आणि मी दोघींनी उभं राहून सांगितलं, की आमचा खरा आकडा सात आहे, आणि बाकीचं आम्ही पुरलं होतं. मुलांनी ते का केलं, तेही मी सांगितलं, माझ्या चेहऱ्यासकट. मग तिकडून त्याचा एक विद्यार्थी अडखळत म्हणाला की त्यांनीही पहिल्या आठवड्यात तेच करायला घेतलं होतं, पण त्यांच्या सरांनी खड्डा खणतानाच त्यांना पकडलं. पालक हसले. मुख्याध्यापिकाबाई हसल्या नाहीत.

प्रकल्प माझ्याकडून काढून घेतला. पुढच्या वर्षासाठी तो चित्रकलेच्या सरांकडे दिला. मी वरवर म्हटलं, सुटले बाई.

त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मी तिसऱ्या मजल्यावर वर्ग घ्यायला निघाले आणि पाय आपोआप संगणक खोलीकडे वळले. दुसऱ्या बुधवारी मी केस धुतले नाहीत. वहिनीने ते पाहिलं, पण बोलली नाही. तिच्या न बोलण्याचाच मला जास्त त्रास झाला.

सुट्टी लागायच्या आधीच्या रविवारी, सकाळी, त्याचा फोन आला. पडद्यावर हजामत केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला तो. काही आकडे द्यायचे होते का, मी विचारलं.

"एक तारीख द्यायची आहे," तो म्हणाला. "बावीसला तिकडे उतरतोय."

मी घाबरले की मला जे सुचतं तेच सुचलं – मी त्याच्यावर तुटून पडले. सहा महिने पर्यावरण शिकवलं आणि हा विमानाने निघाला. त्या धुरापुढे दोन्ही शाळांचं उष्टं म्हणजे काहीच नाही, याचा विचार तरी केला का त्याने?

"केला," तो शांतपणे म्हणाला. "रात्रभर केला. म्हणून येण्याचं तिकीट तेवढं काढलंय. परतीचं... तू सांगशील तेव्हा काढीन."

वहिनी दारात उभी होती. माझे कान लाल झाले होते. या माणसाला दोन महिन्यांच्या सुट्टीचं साधं नियोजन करता येत नाही, राहणार कुठे माहीत नाही, परत कधी जाणार माहीत नाही... असं सगळं एका दमात म्हणायला मी तोंड उघडलं.

"मग काढूच नकोस," मी म्हटलं.

त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. वहिनी हळूच आत निघून गेली.