भिंतीवरचं मांजर

ही गोष्ट एकोणीसशे सदुसष्टची. मी तेवीस वर्षांची होते, आणि गुरांच्या दवाखान्यात लोक जिथे वाट बघत बसत, त्या खोलीच्या भिंतीवर जनावरं रंगवायचं काम मला मिळालं होतं. पहिल्याच दुपारी आतून एक बकरी सुसाट सुटली, माझ्या शिडीखालून गेली… आणि तिच्यामागे नवे डॉक्टर. शिडी डगमगली. त्यांनी बकरी सोडली, शिडी धरली.

"पेशंट पळाली तुमची," मी वरून म्हटलं.

"येईल परत. करडू आत आहे तिचं," ते म्हणाले, आणि शिडी सोडायचं विसरले.

मग रोजच ते भिंतीसमोर येऊन उभे राहू लागले. हातांना जंतुनाशकाचा वास. माझी चित्रं ते पेशंटसारखी तपासायचे. घोडीचे मागे पडलेले कान बघून म्हणाले, "आज कुणाशी भांडून आलात?" सकाळीच आत्याशी वाजलं होतं! मनात जे असेल तेच मी जनावरांच्या अंगात घालत होते, आणि या माणसाला ते वाचता येत होतं.

एके दिवशी मी झोपलेलं मांजर काढलं. पत्र्यावर पाऊस बारीक वाजत होता. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले.

"हे झोपलेलं नाही. याला दुखतंय."

"काहीतरीच! डोळे मिटलेत की."

"पाठ बघा कशी आक्रसलीय. मांजर दुखणं लपवतं." मग हळूच म्हणाले, "कुठे दुखतंय?"

मी ब्रश खाली ठेवला. "आत्यानं स्थळ आणलंय. कापडाचं दुकान आहे. उद्या बाबा होकार कळवणार."

डॉक्टरांचे कान लाल झाले. "अभिनंदन…"

"एवढंच? दुखणं ओळखता, आणि औषध नाही?"

"मला माणसांशी बोलता येत नाही हो."

"मग मला बिचकलेलं जनावर समजा. काय करता तेव्हा?"

ते तिथेच, रंग सांडलेल्या फरशीवर बसले आणि उघडा तळहात पुढे धरला. "हे करतो. जवळ जात नाही. यायचं की नाही, ते त्याला ठरवू देतो… याल?"

माझा हात राखाडी रंगानं माखलेला होता. तसाच त्यांच्या हातात ठेवला.

"बाबांशी मीच बोलते," मी म्हटलं. "तुम्ही तिथेही हात पुढे करून गप्प बसाल!"

आत्यानं वर्षभर अबोला धरला. मग आजारी पोपट घेऊन आली, आणि तो बरा झाल्यावर 'आमचे जावई' म्हणून चारचौघांत मिरवू लागली. दुकानवाल्यानं एका शिक्षिकेशी लग्न केलं. लग्नात मी भेट दिलेल्या चित्रातला हत्ती त्याच्या गल्ल्यामागे कित्येक वर्षं डुलत होता. दवाखाना वाढवताना ती भिंत पाडली.

डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली. पहिलं वर्षभर माझ्या कागदावर एकच पक्षी यायचा, मान वळवून मागे बघणारा. मग एका सकाळी म्हैस उतरली, चिखलात ऐसपैस पसरलेली.

मुलगी म्हणाली, "आई, ही हसतेय का गं?"

"हसेल नाही तर काय? पन्नास वर्षं सुखात चरलीय ती!"