फळीवरचं गोंदण

माझ्या सुनेले उलटून बोलता येत नाही, अन् मले तिचा सगळ्यात जास्त राग त्याचाच येते. सासूनं बोलावं, सुनेनं चार शब्द परत करावे, मग दोघींनी मिळून चहा प्यावा. चेतनाचं तसं नव्हतं. मी सकाळपासून तोंड वाजवलं तरी ती "हव आई" म्हणायची अन् आपलंच करायची. भांडायचं तरी कोणासंग?

त्यात तिनं माझं अंगण खाल्लं. रायपूरच्या खमतराईतलं हे घर आमच्या म्हाताऱ्यानं वॅगन कारखान्यातून रिटायर झाल्यावर बांधलं. अंगणात फरशी मी उभी राहून लावून घेतली. त्या फरशीवर आता पॅलेटची थप्पी. जवळच्या उरला गावच्या कारखान्यांत मशिनी येतात त्या लाकडी तक्त्यांवर बसून. त्याले पॅलेट म्हणतात. मशीन उतरली का तक्ता भंगारात. नत्थू कबाडी ते ठेल्यावर घालून आमच्या दारात आणून टाकायचा.

माझा पोरगा यशदीप नव्या रायपुरात मंत्रालयात बाबू आहे. संध्याकाळी स्टाफच्या बसमधून उतरून घरात पाय टाकला का म्हणायचा, "आई, ये घर है कि आरा मिल?" आईसंग बी हिंदीच. मी म्हणायची, "तुह्या बायकोले विचार." तो विचारायचा. ती म्हणायची, "हव."

पण काम म्हणाल तर काम होतं. सब्बल घालून फळी सैल करायची, जंबुरानं खिळा ओढायचा, वाकडा निघाला तर ठोकून सरळ करून डब्यात टाकायचा. फळ्या सोड्याच्या पाण्यानं घासायच्या अन् सावलीत वाळवायच्या. उन्हात ते चीडाचं लाकूड पापडासारखं वाकते. रंधा ती लावत नव्हती. मी एकदा म्हटलं, "सुताराकडून रंधा मारून आण, गुळगुळीत होईल."

"गुळगुळीत झालं का मुकं होते, आई."

नुसता रेगमाल, वाळूचा कागद, फिरवायची, तोही आजाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. मागून पट्ट्या ठोकून फळ्या जोडून चित्राची पाटी करायची, अन् खिळ्यांची भोकं बुजवायची नाही. भोकाभोवती गंजाचा तपकिरी डाग असते, तिथं तिची चिमणी बसायची. लाकडात गाठ असली का तिथं विहीर. फाटक्या कडेची कौलं व्हायची. मी दुसरी शिकलेली बाई, पण चांगलं काम मले कळते. तिच्या पाटीपुढं मी उभी राहायची अन् तोंडानं म्हणायची, "कचरा." मनातलं मनात ठेवायची. सदर बाजारातल्या एका सोनारानं बैठकीत लावायले पाटी नेली तेव्हा साऱ्या पाऱ्यात, घरोघरी, मीच सांगत फिरली होती.

आता रंगाचं सांगते. माझ्या घरात कोणत्या डब्यात काय आहे ते मले झोपेतून उठवून विचारा. चेतनाच्या फळीवर पांढरा डबा, काळा डबा अन् पिवळा डबा. दुसरा डबा या घरात कधी आला नाही. पांढऱ्यात काळं घातलं का राखाडी होते, पिवळ्यात घातलं का शेवाळी. निळं होत नाही. हे कळायले शाळा लागत नाही.

समोरच्या शारदानं आपल्या घराच्या चित्राची पाटी करायले सांगितली होती. शारदाचं दार निळं, तिच्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी रंगवलेलं, अन् त्याचा तिले फार तोरा. चेतना दोन दुपारी आमच्या ओट्यावर बसून त्या दाराकडे पाहत राहिली. हातात कोरडा कुंचला. मग आत आली अन् वाटीतल्या साध्या पाण्यात कुंचला बुडवला. मी तांदूळ निवडत होती, माझं लक्ष होतं. कुंचला फळीवर टेकला अन् निळा रंग उमटला. तोच निळा. कडीजवळ हात लागून लागून जो फिका झाला होता, तो फिकेपणा बी तिथंच.

"हा कुठून आणला वं?"

"उतरला, आई."

मी वाटी उचलून पाहिली. पाणी स्वच्छ होतं. वास घेतला. शारदाच्या घरात गेलं का धूप अन् खोबरेल तेलाचा एक वास येते, तोच होता.

पाटी शारदाच्या भिंतीवर लागली. मग काही दिवसांत तिच्या दाराचा रंग जायले लागला. पोपडे नाही पडले, डाग नाही पडले. नुसता गेला. खाली राखाडी लाकूड. बाजूची हिरवी खिडकी तशीच हिरवी.

"रंगाच्या दुकानदारानं फसवलं," शारदा म्हणे.

"एवढ्या वर्षांनी? उरल्याची धूळ आहे ते," मी म्हटलं. "उन्हानं बी उडते."

दारावर ऊन येत नव्हतं. दोघींलेही माहीत होतं.

मग आमच्याच फाटकावरची बोगनवेल. राणी रंगाची, रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. ती चेतनानं एका डॉक्टरणीच्या पाटीवर उतरवली. इतकी सुंदर का मी पहिल्यांदा "कचरा" म्हणायचं विसरली. पुढचा बहर आला तो पांढरा. कागदासारखा. मी खत बदललं, पाणी बदललं. पांढराच.

मी चेतनाले काही विचारलं नाही. तिनं काही सांगितलं नाही. पण ती आता घरातल्या वस्तूंकडे जास्त वेळ पाहत नाही, हे माझ्या ध्यानात आलं. जेवताना बी नजर ताटात.

पावसाळा सरल्यावर हिरालाल नावाचा एक माणूस आला. नव्या रायपुरात त्याचं मोठं गेस्ट हाऊस उभं राहून राहिलं होतं, अन् सोनाराच्या बैठकीतली पाटी त्यानं पाहिली होती. त्याले समोरच्या भिंतीसाठी पुरी माणसाएवढी पाटी पाहिजे होती. जुन्या रायपूरचं दार अन् दारात बसलेली बाई.

"बाई कैसी?" मी विचारलं.

तो माझ्याकडे पाहून हसला. "आप जैसी ही, अम्मा जी. साफ़ बोलूँ तो आप ही."

आता मले सांगा, राजधानीत साहेब लोक, मंत्री लोक येणार, अन् भिंतीवर कोण तर मी! मी पदर सारखा करून म्हटलं, "बना देगी. मेरी ज़बान है."

"नाही," चेतना म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"माणसं नाही काढत मी."

हिरालालच्या देखत मी काही बोलली नाही. तो गेल्यावर बोलली, अन् चांगलं बोलली. संध्याकाळी यशदीपनं वरून आपलं टाकलं, "बढ़िया मौक़ा है. ये नहीं बना, तो सारा कबाड़ नत्थू को वापस. फिर मत कहना." तो तसा वाईट नाही, पण बोलला म्हणजे करते. ती थप्पी गेली असती तर चेतना या घरात जेवली असती, झोपली असती, अन् बस. मी तशा बाया पाहिल्या आहेत.

ती चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसली. "आई, तुमच्यातलं काही गेलं तर?"

"माझ्यातलं जायचं काय राहिलं? केस गेले, दात गेले. बस मुकाट्यानं काढ."

मी बसली दारात. हुशारी केली ती अशी, का लुगडं जुनं नेसली. हिरवं, लाल काठाचं, कोपऱ्यात विरलेलं. म्हटलं गेलं तर हेच जाईल. म्हणजे मले कळलं होतं. लपवून काय करू?

दुपारच्या दुपार मी बसायची, ती काढायची. आधी चौकट झाली, मग उंबरा, मग माझी पावलं, टाचांच्या भेगांसकट. फळीच्या लांब चिरांतच तिनं भेगा बसवल्या होत्या. लुगड्याचा हिरवा असा उतरला का मले माझं लग्न झाल्यावरचं पहिलं वर्ष आठवलं. त्या रात्री लुगडं वाळत घातलं अन् सकाळी उतरवलं तर काठासकट मांजरपाट. घडी करून पेटीत ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुसरं नेसली.

"थांबू का, आई?"

"काहून? हात दुखून राहिले का?"

मग तिनं हात काढले.

माझ्या डाव्या हातावर गोंदण होतं. मनगटापासून कोपरापर्यंत, तुळस, मोर, अन् कडेनं ठिपके. भंडाऱ्याकडच्या जत्रेत माझ्या मायनं मले मांडीवर दाबून धरलं होतं अन् गोंदणारीण सुया टोचत होती. मी बोंबलत होती. माय म्हणे, रडू नको, मेल्यावर लोक अंगावरचं सारं उतरवून घेतात, एवढंच कोणी उतरवत नाही, एवढंच संगं येते.

चेतनानं तो हात गुडघ्यावर ठेवलेला काढला. मोराची मान जिथं चुकली होती, तिथं तशीच चुकलेली. मी उठून जवळ गेली. किती वेळ पाहत होती कोण जाणे. माझ्या मायनं ते पाहायले पाहिजे होतं, असं वाटलं.

मग भांडे घासायले बसली अन् हात पाण्यात घातला.

हात कोरा होता.

लहान पोरीचा असते तसा. मी राखेनं घासला. मग नखानं घासला. कातडीखाली काही नव्हतं.

चेतना मागं उभी होती. तिनं माझा हात पाहिला अन् रेगमाल उचलला. पाटीवरच्या हातावर घासायले लागली. जोरात. तिनं कधी लाकडावर असा हात चालवला नव्हता.

भुसा निळसर पडला.

तुळस पुसली गेली नाही. फळी खोल गेली, तरी खाली तुळस होतीच.

तिनं पाटी उलटी केली.

मागच्या बाजूनं, बिनरंगवल्या लाकडावर, मोर होता. ठिपके होते. फळीतून आरपार.

"बस झालं," मी म्हटलं. "लाकूड खराब करू नको."

तिनं तो खड्डा पुन्हा भरला, रात्रभर बसून. सकाळी पाहिलं तर कुठं घासलं होतं ते मले सांगता आलं नसतं.

टेंपो दुपारनंतर यायचा होता. पाटी अंगणात भिंतीले टेकून उभी होती. चौकट, उंबरा, हिरवं लुगडं, हात, कपाळावरच्या आठ्या, तोंडाभोवतीची अकड. मी जशी आहे तशी, जराशी जास्तच.

डोळे नव्हते. तिथं नुसतं लाकूड.

"मिटलेले काढते, आई," चेतना म्हणाली. "पापण्या खाली. चांगलं दिसेल. कोणाले कळणार नाही."

"मी काय दारात बसून झोपा काढते का?"

"आई, पाया पडते."

"साऱ्या राजधानीनं पाहायचं, मंदाकिनीबाई डोळे मिटून बसली? चोरासारखी?"

तिनं कुंचला खाली ठेवला. मोडून टाकते म्हणाली पाटी. यशदीपले जे करायचं ते करू दे, नत्थूले बोलवू दे, म्हणाली. पहिल्यांदाच इतकं बोलली माझ्यासंग, अन् सारं रडत रडत. यशदीप सुट्टीचा घरीच होता, तो आतून आला, माझा हात पाहिला, "आई, गोदना कहाँ गया?" म्हणाला.

मी बाज ओढून तिच्यासमोर बसली. ऊन बोगनवेलीच्या पांढऱ्या फुलांवर होतं. शारदाचं राखाडी दार अर्धं उघडं होतं. फरशीवर भुसा होता, खिळ्यांचा डबा होता. मी सारं एकदा पाहून घेतलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. नाकावर पिवळा रंग लागला होता. तो पदरानं पुसला.

वाटीत पाणी भरून मी तिच्यापुढं ठेवली.

"चेतना, ऐक. आजपर्यंत मी कचरा म्हणत आली, ते खोटं होतं. इतकं चांगलं काम मी जन्मात पाहिलं नाही, अन् याच्यापुढं पाहणार बी नाही. घे कुंचला."