शेपटाच्याही मागे

आपल्या मागे कोणीतरी चालतंय, हे तिला आधी कानांनी कळलं. पच्... पच्... चिखलातून पाय उपसल्याचा आवाज. ती थांबली की तो थांबायचा, ती निघाली की तोही निघायचा.

जंगलातून, डोंगरातून पाच दिवस चालणाऱ्या शर्यतीचा तो दुसरा दिवस होता. काल ती सगळ्यांच्या मधोमध होती. पण रात्रभर पाऊस कोसळला, वाटेचा नुसता राडा झाला, आणि सकाळपासून एकेक जण तिला ओलांडून निघून गेला. आता पुढे कोणीच दिसत नव्हतं. मागे मात्र कोणीतरी होतं, आणि ती मुळात इतकी घाबरट की घरी दिवा लावूनच झोपायची. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून ताई तिला कायम चिडवायची. निघतानाही म्हणाली होती, “दुसऱ्याच दिवशी घरी येशील बघ तू.” ते ऐकून ती इरेला पेटली नसती, तर आत्ता अंथरुणात असती.

ती एकदम गर्रकन वळली. “माझ्या मागे मागे का येताय?”

गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला एक उंच तरुण जागच्या जागी थबकला. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून नारिंगी रिबिनी डोकावत होत्या.

“कामच आहे माझं ते,” तो म्हणाला. “वाट कळावी म्हणून रिबिनी बांधल्यात ना, त्या सोडत सगळ्यांत शेवटी यायचं. मला सगळे शेपूट म्हणतात.”

“म्हणजे... मी शेवटची?”

“छे. शेवटचा मी. तुम्ही शेवटून दुसऱ्या.”

तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच.

मग बोलणं निघालं. एरवी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायची.

“आणि स्वतःच्या चष्म्यावर एवढा चिखल?”

“पुसायला अंगावर कोरडं काय आहे?”

त्याने आतल्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला रुमाल काढून दिला. काचा पुसून तिने चष्मा डोळ्यांवर ठेवला... आणि मघापासून आपण कोणाशी बोलतोय ते तिला पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं. तिने घाईघाईने वाटेकडे नजर वळवली.

“डावा पाय ओढताय तुम्ही,” तो मागून म्हणाला.

“माझे पाय बघत येताय?”

“ठसे. वाटेवर दुसरं बघण्यासारखं काही नाही.”

“असतं तर?”

“तरी...” तो जरा अडखळला. “तरी ठसेच बघितले असते.”

तिचे कान तापले. विषय बदलायचा म्हणून तिने विचारलं, “लिफ्टमध्ये अडकलेली माणसं फार घाबरतात का हो?”

“सगळीच घाबरतात. दार उघडायला वेळ लागतो. म्हणून आधी सांगायचं, मी इथंच आहे. मग आपण बोलत राहायचं आणि त्यांनाही बोलतं ठेवायचं. काहीही चालतं.”

झाडी संपून वर खडकाळ पठार लागलं, आणि पाठोपाठ धुकं उतरलं. इथे झाडं नव्हती. रिबिनी दगडांखाली दाबलेल्या होत्या. त्या काढता काढता तो मागे राहिला. तेवढ्यात तिला आडोशाला जायची वेळ आली. नियम सकाळीच सांगितला होता: वाट सोडायची तर पाठीवरची पिशवी वाटेवर ठेवून जायचं, म्हणजे मागच्याला कळतं. पण पिशवी दिसली की ती कशासाठी गेलीय तेही त्याला कळणार. एवढ्या गोड बोलण्यानंतर? छे! आत्ता येऊ परत, असं म्हणत ती पिशवीसकट मोठ्या दगडामागे गेली.

परत आली तर वाटच नव्हती.

रिबिनी नव्हत्या. खडकावर ठसे कुठून असणार? चहूकडे पांढरं धुकं, आणि त्यात कुठेतरी खाली, फार खाली, पाण्याचा आवाज. म्हणजे जवळच कडा होता. कुठल्या बाजूला?

तिच्या लक्षात आलं आणि तोंडचं पाणी पळालं. ती पुढे आहे असं समजून तो रिबिनी गोळा करत निघून गेला होता. ती शेपटाच्याही मागे राहिली होती. तिच्यामागे आता कोणीच नव्हतं. सकाळी ज्या आवाजाला ती भ्यायली, तो ऐकायला आता तिचे कान आसुसले होते.

पळावंसं वाटत होतं. ती मटकन खाली बसली, गळ्यातली शिट्टी ओठांना लावली. पहिल्यांदा नुसती हवाच आली. मग शिट्टी वाजली, पुन्हा वाजली. उत्तर नाही. आपण पुढे नाही हे त्याला कळलंच नाही तर? कड्यापेक्षा तिला त्याच विचाराची जास्त भीती वाटली.

शेवटी धुक्यातून एक शिट्टी आली... आणि मागोमाग आवाज.

“मी इथंच आहे! हलू नकोस, जवळच कडा आहे. बोलत राहा!”

“काय बोलू?” ती रडत ओरडली. “कुठं होतास तू?”

“शिव्या दे, चालेल. थांबू नकोस.”

तिने शिव्या दिल्या. त्याला, ताईला, स्वतःला, सगळ्यांना. त्या ऐकत ऐकत तो धुक्यातून पुढे आला आणि तिचा हात घट्ट धरला.

“खाली चिखल लागला,” तो धापा टाकत म्हणाला, “आणि त्यात तुझा ठसा नव्हता. काळजाचं पाणी झालं माझ्या. रिबिनी परत लावत लावत आलोय. चल.”

दगडाखालून डोकावणाऱ्या एकेका नारिंगी रिबिनीमागून ते उतरले. तिने हात सोडला नाही. त्यानेही सोडवला नाही.

मुक्कामावरचा नोंदणीचा तंबू बंद व्हायच्या बेतात असताना दोघं पोहोचले. नोंद घेणाऱ्या बाईंनी तिचा अवतार पाहिला. “सोडायची असेल शर्यत, तर गाडी उभी आहे हं.”

तो मान खाली घालून म्हणाला, “चूक माझी आहे. उद्या तुमच्या मागे दुसरं कोणी पाठवायला सांगतो.”

“आता परत ‘तुम्ही’?” ती म्हणाली. “आणि पिशवी मी ठेवली नाही, ती चूक कोणाची? बाई, उद्यासाठी माझं नाव राहू द्या. भीती तर उद्याही वाटणार आहे. पण मागे हाच हवा.”

बाई दोघांकडे पाहून हसल्या आणि सामान आवरायला आत गेल्या.

त्याने मान वर केली. काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं. “मला... म्हणजे सकाळपासून...” तो पुन्हा थांबला. अडकलेल्या माणसांना धीर देणारा हा गडी आता स्वतःच दोन मजल्यांच्या मधे अडकला होता.

ती एक पाऊल जवळ गेली. डावा पाय ओढत.

“मी इथंच आहे,” ती हळूच म्हणाली. “बोल. काहीही चालतं.”

आणि तो बोलू लागला.