कडुलिंबापर्यंतचा पट्टा

"आजोबा सोन्याला विकणार? आपल्या सोन्याला?" बबलूच्या हातातला लाडू हातातच राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत तो आणि त्याची मोठी बहीण ऋतुजा मुरुडजवळच्या गावी आले होते. सोन्या हा शेषेराव आजोबांचा एकुलता एक बैल. शेजारच्या महादेवप्पांकडेही एकच बैल. दोघं आपापला बैल जोडून दोन्ही शेतं पेरायचे. अशी त्यांची सावड होती. गेल्या वर्षी आजी गेली, तेव्हापासून आजोबा मनातलं बोलायचे ते फक्त महादेवप्पांशी. आता तेही बंद!

"महादेवप्पानं दिलेल्या शेणखतातून गाजरगवत आलं," आजोबा म्हणाले. "हरभऱ्यात पाय ठेवायला जागा न्हाई. रान नासवलं माझं. सावड संपली. एकटा बैल ठेवून काय करू?"

महादेवप्पांची नात दामिनी बांधावर भेटली. ती भडकलीच. "आमचे आबा असं करणार न्हाईत!"

"मग दाखव सिद्ध करून," बबलू म्हणाला.

"दाखवते! तू लाडू खा!"

गाजरगवतानं खाज सुटते, म्हणून तिघांनी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि ती हरभऱ्याच्या रानात शिरली.

"मी डॉक्टर दिसतोय ना?"

"पार्सल दिसतोयस," दामिनी म्हणाली.

ऋतुजा मात्र रानाच्या मध्यावरच्या कडुलिंबापाशी थांबली होती. "इकडे बघा! कडुलिंबाच्या अलीकडे गवत जवळजवळ नाहीच. पलीकडे नुसती दाटी! दामिनी, खत कुठं कुठं टाकलं होतं?"

"सगळ्या रानात. मी गाडीवरच होते की!"

"मग खतातून बी आलं असतं, तर अलीकडेही उगवलं असतं!"

तिघांनी चहाचे तीन कप भरले. एकात महादेवप्पांच्या उकिरड्यातलं खत, दुसऱ्यात कडुलिंबापलीकडची माती, तिसऱ्यात अलीकडची. रोज पाणी घालायचं आणि वाट बघायची!

वाट बघताना बबलूला आणखी एक गंमत दिसली. ओढ्याकाठी गाजरगवत कमरेएवढं वाढलं होतं, पण अजून फुललं नव्हतं. बांधावरच्या कोरड्या दगडांत मात्र वीतभर रोपटं पांढऱ्या फुलांनी भरलं होतं.

"एवढंसं, आणि एवढी घाई?"

"पाणी मिळणार नाही, हे त्याला कळलं असेल," ऋतुजा म्हणाली. "वाढत बसण्यापेक्षा आधी बी टाकून मोकळं व्हायचं." तिनं वळून हरभऱ्याच्या रानाकडे पाहिलं. "बबलू, गेल्या वर्षी दुष्काळात सगळं रान असंच कोरडं होतं..."

बाजाराच्या दिवशी सकाळी आजोबांनी सोन्याचं दावं सोडलं. दारात तिघं आडवी उभी!

"बाजूला व्हा पोरांनो."

"आधी हे कप बघा, आजोबा!"

खताच्या कपात एकही कोंब नव्हता. पलीकडच्या मातीच्या कपात कोंबांची गर्दी. अलीकडच्या मातीत जेमतेम दोन.

"बी तुमच्याच रानात होतं," ऋतुजा हळू म्हणाली. "दुष्काळात पडलं, मातीत दबून राहिलं. यंदा ओल मिळाली आणि सगळं एकदम उगवलं. पण कडुलिंबापर्यंत का नाही, तेवढं कळत नाही."

आजोबांनी पलीकडच्या मातीचा कप उचलून निरखला. मग दावं हातात धरूनच ओट्यावर बसले.

"तुमच्या आजीनं खुरपलं होतं तिथवर," ते म्हणाले. "सोयाबीन वाळून गेलं होतं. मी म्हणालो, पीकच न्हाई तर उन्हात काय खुरपतीस? ती म्हणाली, गवत फुलायला लागलंय, त्याला कोण सांगणार पीक न्हाई म्हणून! मी हसलो. कडुलिंबापर्यंत आली, अन् मग अंथरुणाला खिळली. एक दिवस जरी सोबत बसलो असतो, तर पुढंही गेली असती."

बबलूनं दावं हळूच काढून घेतलं आणि सोन्याला परत बांधलं.

आजोबा उठून बांधावर गेले. "महादेवप्पा, चुकलं माझं."

"लई उशिरा कळलं तुला!" महादेवप्पा म्हणाले, पण बांध ओलांडून आलेच. कप बघून त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे पोरांनो! आम्हा म्हाताऱ्यांना जमलं न्हाई ते तुम्ही शोधलं!"

"गवतानं अजून फुलं धरली न्हाईत," आजोबा म्हणाले. घरात जाऊन त्यांनी आढ्याला खोचलेलं आजीचं खुरपं काढलं. मुठीवर तिनं गुंडाळलेली चिंधी तशीच होती. ती त्यांनी सोडली नाही.

मग कडुलिंबापाशी, आजीनं जिथं सोडलं होतं तिथून, ते खुरपायला बसले.